सज्ञान होण्यापूर्वी

(नेरळ येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अठरावा वाढदिवस म्हटला की तरुणांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी उभ्या राहतात. एक मतदार यादीतील नाव आणि दुसरा मोटारसायकलचा परवाना. तिसरी गोष्ट मात्र कोणताही गाजावाजा न होता घडते. त्या दिवसापासून मुलाच्या सहीला किंमत येते. आदल्या दिवशी त्याने कर्जाच्या कागदावर सही केली असती, तर कायद्याच्या दृष्टीने तो कागद रद्दीच्या मोलाचा ठरला असता. दुसऱ्या दिवशी मुलगा तोच, लेखणी तीच. पण त्या सहीच्या आधारावर त्याला न्यायालयात खेचता येते आणि त्याच्या मिळकतीवर टाच आणता येते.

आपल्या कायद्याच्या मराठीत अल्पवयीन मुलाला ‘अज्ञान’ आणि प्रौढाला ‘सज्ञान’ म्हणतात. शब्द मोठे अर्थपूर्ण आहेत. अडचण एवढीच की, वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की मनुष्य कायद्याने आपोआप सज्ञान होतो, ज्ञान मात्र आपोआप येत नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नावाच्या अज्ञान तरुणाने १८९५ साली आपली घरे गहाण टाकून एका सावकाराला वीस हजार रुपयांच्या कर्जाचा दस्त करून दिला. तंटा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ साली निकाल लागला की, अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य होय. सावकाराला रक्कम परत मिळाली नाही. आजही आपल्या देशात हाच न्याय चालतो. म्हणजे अठरा वर्षांपर्यंत कायदा मुलाभोवती एक भिंत उभी करतो आणि एका मध्यरात्री ती काढून घेतो. त्या मध्यरात्रीपूर्वी मुलाला काय शिकविले, हा प्रश्न कायदा विचारत नाही. तो घराने आणि शाळेने विचारावयाचा आहे.

ही भिंत इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ऋणविषयक प्रकरण आहे. तेथे शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. आणि कोणाच्या ऋणावर व्याज वाढू नये, याची एक यादीही आहे: दीर्घ यज्ञात गुंतलेला, व्याधिग्रस्त, गुरुकुलात अडकलेला, बालक आणि निर्धन. विद्यार्थी आणि बालक या दोघांना व्याजाच्या चक्राबाहेर ठेवण्याची दृष्टी या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी होती. पुढे धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम दिला. व्याज साचत साचत मुद्दलाएवढे झाले की त्याने थांबावे. धनकोला एका वेळी मुद्दलाच्या दुपटीहून अधिक मागता येऊ नये. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू कर्जदारांच्या बाबतीत हा नियम लागू करीत. ‘दामदुप्पट’ हा शब्द आज केवळ फसव्या जाहिरातींत उरला आहे. ऋणकोच्या रक्षणासाठी जन्मलेला शब्द ठेवीदाराला भुलविण्याच्या कामी यावा, यापरते दुर्दैव ते कोणते!

आता आजचा हिशेब पाहावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. साडेतीन हा आकडा लहान वाटतो, म्हणूनच तो महिन्याच्या हिशेबाने सांगितला जातो. दहा हजार रुपये थकले आणि वर्षभर काहीच भरले नाही, तर व्याजावर व्याज चढून ते पंधरा हजारांच्या पुढे जातात आणि एकविसाव्या महिन्यात वीस हजारांची रेषा ओलांडतात. दंड आणि कर वेगळे. कौटिल्याचे पंधरा टक्के कोठे आणि हे कोठे! दामदुपटीचा थांबाही या करारात नाही. हे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला सोडविता येते. चक्रवाढ व्याजाचे सूत्र तो परीक्षेसाठी पाठ करतो. परंतु ते सूत्र घरातल्या कागदाला लावून पाहावयाचे असते, हे त्याला कोणी सांगत नाही.

कागदाचे न समजणे आपल्या समाजाला किती महागात पडले आहे, त्याचा इतिहास फार दूर नाही. घाटापलीकडे पुणे जिल्ह्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा रोख होता तो खतांवर, गहाणखतांवर आणि वह्यांवर. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. म्हणून त्यांनी कागदच जाळले. पुढे १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला आणि शेतकऱ्याचे खत गाव-निबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद आली. योगायोग असा की, सज्ञानतेचे वय अठरा ठरविणारा कायदाही त्याच १८७५ सालचा.

आणि या नेरळच्या परिसराला तर यासाठी घाट ओलांडण्याचेही कारण नाही. माथेरानचे हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचे नाव घेतले की आपल्याला १९४२ चा आझाद दस्ता, विजेचे मनोरे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह झालेले बलिदान आठवते. ते आठवलेच पाहिजे. परंतु त्यापूर्वीचे कोतवाल फारसे सांगितले जात नाहीत. वकिलीची परीक्षा दिलेल्या या तरुणाने गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्य पेढ्या उभ्या केल्या. अडचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला दाण्यासाठी सावकाराच्या दारी उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार. देशासाठी प्राण देणाऱ्या माणसाने आधी गावाच्या कणगीचा हिशेब मांडला होता, ही गोष्ट राष्ट्रकार्य आणि घरसंसार यांत भिंत घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

कोतवालांना धान्य पेढीची गरज ज्या कारणाने भासली, ते कारण येथे आजही संपलेले नाही. ते कारण म्हणजे हंगाम. पावसाळ्यात नेरळहून अमन लॉजपर्यंतची छोटी गाडी बंद असते. पर्यटक ओसरतात. घोडेवाला, हमाल, खानावळवाला, सर्वांची मिळकत आटते. आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे घर चालविणे हे मोठे अवघड शास्त्र आहे आणि या पट्ट्यातील कित्येक आयांना ते उत्तम अवगत आहे. त्या माउलीने कधी अंदाजपत्रक हा शब्द उच्चारला नसेल. पण मृगापूर्वी तांदळाचा डबा, मुलांची फी आणि औषधाचे पैसे वेगळे काढून ठेवण्याचे तिचे जे कौशल्य, त्यालाच पुस्तकात अडीअडचणीचा निधी म्हणतात. दुर्दैवाने ती हे सारे मुलांच्या नकळत करते. मुलाला अडचणीची झळ लागू नये, हा तिचा भाव. त्या मायेपोटीच मुलगा हिशेबाला पारखा होतो.

याच तालुक्यांत दुसरे टोकही दिसते. मुंबईकरांना शेतघरे हवीत, इमारतींना जागा हवी, नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला. जमिनीला भाव आला. तीन पिढ्यांनी भात पिकविलेला तुकडा एका सहीने जातो आणि घरात एकदम मोठी रक्कम येते. तिची पहिली वाट बहुधा वाहनाच्या दुकानाकडे जाते. त्यातही गंमत अशी की, गाठीशी पैसा असतानाही गाडी हप्त्यावर घेतली जाते, कारण दुकानातला मनुष्य सांगतो, ‘फक्त दहा टक्के!’ हे दहा टक्के कसे लागतात ते पाहण्याजोगे आहे. लाख रुपयांवर तीन वर्षांचे दहा टक्क्यांनी तीस हजार व्याज, एकूण एक लाख तीस हजार, छत्तीस हप्ते, प्रत्येकी सुमारे तीन हजार सहाशे अकरा रुपये. हिशेब सरळ वाटतो. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले तर हा दर वर्षाला सुमारे अठरा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने आता कर्ज देणाऱ्यांना सर्व खर्च धरून वार्षिक दर एका पत्रकात लिहून देणे बंधनकारक केले आहे. त्याला मुख्य तथ्य विवरण म्हणतात. ते मागून घ्यावे आणि घरी आणून वाचावे. दुकानात उभ्याने वाचू नये.

कर्जापेक्षाही एक घातक सही आहे. ती जामिनाची. गावाकडच्या मैत्रीत ‘एक सही दे’ असे म्हणताच नकार देणे जिवावर येते. जामीन म्हणजे ओळख पटविणे, अशी अनेकांची भाबडी समजूत असते. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच मानली आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल तर धनको आधी कर्जदाराचा पिच्छा पुरवील आणि मग जामीनदाराकडे येईल, असे बंधन त्याच्यावर नाही. तो थेट जामीनदाराच्या दारी येऊ शकतो. मित्राची मोटारसायकल मित्राच्या दारात आणि हप्त्याची नोटीस आपल्या दारात, असे घडले की मैत्रीही जाते. मित्राला हजार रुपये हातात देऊन ते विसरून जाणे हे या सहीपेक्षा शतपटीने स्वस्त.

मोबाइल आल्यापासून तर सहीलाही कागद लागेनासा झाला आहे. सहा आकडी संकेतांक टाकला की करार पुरा. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांपैकी बेकायदा चालणाऱ्यांची पद्धत अशी असे की, पाच हजारांचे कर्ज सात दिवसांसाठी मंजूर करावयाचे, त्यातून दीड हजार ‘शुल्क’ आधीच कापावयाचे आणि सातव्या दिवशी पूर्ण पाच हजार मागावयाचे. हाती आले साडेतीन हजार. एका आठवड्याचे व्याज झाले जवळजवळ त्रेचाळीस टक्के. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी नियम घालून दिले. तरी नियम हे वाचणाऱ्याच्या उपयोगाचे.

दुसरे मायाजाल शेअर बाजारातील वायदे व्यवहारांचे. शेअर बाजार वाईट नव्हे. देशाच्या उद्योगात सामान्य माणसाचा वाटा असणे ही चांगलीच गोष्ट. परंतु सकाळी घेऊन संध्याकाळी श्रीमंत होण्याचा जो छंद महाविद्यालयांत शिरला आहे, त्याचे आकडे सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये दिले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांना तोटा झाला. एकत्रित तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. त्यांत तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. शंभरातील त्र्याण्णव हरतात, अशा खेळाला आपल्याकडे जुना शब्द आहे आणि महाभारताने त्याचे परिणाम पुरेसे सांगितले आहेत.

याहूनही भयंकर प्रकार म्हणजे बँक खाते भाड्याने देणे. ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार मिळतील,’ असे सांगणारा भेटतो. त्या खात्यातून सायबर चोरांचा पैसा फिरतो आणि तपास सुरू झाला की पोलीस प्रथम खातेदाराचे दार ठोठावतात. नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलाची कारकीर्द सुरू होण्यापूर्वीच डागाळते.

मग मुलांना पैशापासून दूर ठेवावे काय? मुळीच नाही. उलट, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी एक सुंदर सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे पालकांचे लक्ष नाही. २०१४ सालापासून दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे बचत खाते उघडून ते स्वतः चालविता येते. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने हे नियम एकत्र करून पुन्हा स्पष्ट केले. पैसे काढण्याची मर्यादा बँक ठरविते. अट अशी की, अशा खात्यात उणे शिल्लक होता कामा नये. खाते सदैव जमेतच राहिले पाहिजे. म्हणजे दहा ते अठरा अशी आठ वर्षे मुलाला बचतीची मुभा आहे आणि कर्जाला मज्जाव आहे. पाण्यात उतरावयाचे, पण कमरेइतक्याच. पोहणे शिकण्यास याहून चांगली जागा कोणती?

पूर्वी अनेक मराठी शाळांत ‘संचयिका’ असे. मुलेच पैसे जमा करीत, मुलेच नोंदी करीत, शिक्षक देखरेख करीत. आठ आणे भरणाऱ्या मुलाच्या हाती पासपुस्तक येई. आज घराघरांत पासपुस्तकाच्या जागी पडदा आला आणि खर्च डोळ्यांना दिसेनासा झाला. म्हणून वहीची गरज वाढली आहे. नेरळहून कल्याण, उल्हासनगरला रोज शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने एक महिना रेल्वेचा पास, वडापाव, मोबाइलचे रिचार्ज, झेरॉक्स अशी प्रत्येक बाब लिहावी. महिनाअखेरीस जमा आणि खर्च यांचा मेळ बसत नाही, असे बहुतेकांना आढळेल. न बसणारी ती रक्कम हाच पहिला धडा. याच्या जोडीला वडिलांनी महिन्यातून एकदा, रात्रीच्या जेवणानंतर, विजेचे बिल, किराण्याची यादी आणि कर्जाच्या हप्त्याचा कागद मुलांसमोर उघडावा. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत स्तोत्रपठण होते, संस्कारकथा होतात. जमाखर्चाची वही त्या बैठकीत कधीच येत नाही. ती यावयास हवी. शाखेत येणारा बालही गुरुदक्षिणेचे पाकीट आदल्या रात्री वडिलांकडे मागण्याऐवजी वर्षभर स्वतः साठवून भरू शकतो. समर्पणात स्वतःचा त्याग असावयाचा, तर आधी स्वतःची बचत हवी.

सुरक्षित ठेव म्हणजे काय, हेही रायगडकरांनी अनुभवाने जाणले आहे. पेण अर्बन बँकेवर २०१० साली निर्बंध आले तेव्हा ठेवींना विम्याचे संरक्षण एक लाखाचेच होते. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तोपर्यंत फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांवर गेले होते. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, ही मर्यादा आहे. आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी, ‘संचालक ओळखीचे आहेत’ म्हणून ठेवणाऱ्यांना हा आकडा माहीत नव्हता. पतसंस्थेतील ठेवीला तर हा विमा लागूच नाही.

आश्चर्याची बाब अशी की, या विषयाची एक मोठी संस्था येथून जवळच आहे. सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचे संकुल खालापूर तालुक्यातील पाताळगंगा येथे आहे. २४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचे उद्घाटन केले. देशभरातील बाजार व्यावसायिकांच्या परीक्षा ही संस्था घेते. आणि त्याच तालुक्यातील वाड्यांमधून कातकरी बांधव पावसाळा संपला की वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन बायकामुलांसह बाहेर पडतात. उचल किती घेतली, मजुरीतून किती फिटली, याचा हिशेब एकाच वहीत असतो आणि ती वही मालकाची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीच झाला आहे. परंतु त्या कुटुंबात आश्रमशाळेत शिकणारी एखादी सातवीतली मुलगी असेल आणि तिने शंभर पानी वहीत रोजच्या विटा व रोजची खर्ची लिहून ठेवली, तर हंगामाअखेरीस मालकाच्या वहीसमोर ठेवावयास दुसरी वही तयार होते. येथील महाविद्यालयीन तरुणांनी सुट्टीत एकेका वाडीवर जाऊन हे एवढे काम केले, तरी सेवाकार्याला काही वेगळे नाव शोधावे लागणार नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे. घराच्या व्यवहारातून मुलीला आणि पत्नीला वगळण्याची रीत सुशिक्षितांतही आहे. कर्ता पुरुष अकस्मात गेल्यावर कोणत्या बँकेत काय आहे, विमा कोणता, नामनिर्देशन कोणाचे, हे पत्नीला ठाऊक नसते. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात आणि त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ उघडावे लागले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मूल सज्ञान झाले की बँक त्याच्या सहीचा नवा नमुना मागते. त्या कामासाठी बँकेत जाताना वडिलांनी आपलीही पासपुस्तके बरोबर न्यावीत, मुलीला काउंटरपाशी उभे करावे आणि प्रत्येक खात्यात नामनिर्देशन कोणाचे आहे ते तिलाच वाचून दाखवावयास सांगावे.